बोल्टला घातलेलं तेल

आमच्या कंपनीत ट्यूबलाइटचे चोक व्हायचे. भांडुप आणि मुलुंडच्या मधे, आग्रा रोडला लागून. हल्ली तिथे काय आहे ते विचारू नका, उंचच्या उंच काहीतरी आहे आणि खाली माणसं गाड्या धूत असतात. चोक म्हणजे काय हेही आता सांगावं लागतं. ट्यूबच्या पट्टीत एक जड चौकोनी ठोकळा असायचा, तो बिघडला की ट्यूब नुसती लुकलुकायची. त्याच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचं भेंडोळं असे आणि ते गुंडाळायचं काम आम्हा बायकांचं. वाइंडिंग म्हणायचे त्याला. एकदा पुरुषांना लावून बघितलं होतं. त्यांच्या हातून तार तुटायची आणि मग ते तारेला शिव्या घालत बसायचे. आठवड्याभरात साहेबांनी त्यांना परत पॅकिंगला पाठवलं.

मी अकरा वर्षं सात नंबरच्या मशीनवर होते. मशीन म्हणजे लोखंडी स्टँड, त्यावर मोटर, तारेचं रीळ आणि फेरे मोजणारा काउंटर. स्टँड चार बोल्टनी जमिनीत पक्का केलेला. सगळी मशीनं एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेली, पण एकीचा स्वभाव दुसरीसारखा नव्हता. माझी सात नंबर हजारभर फेरे झाले की तार डावीकडे ओढायची. तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांनी तारेला जरासं धरायचं, दाबायचं नाही, नुसतं आहे असं कळू द्यायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शेकडो तारा तोडून मी ते शिकले होते.

शेजारी आठ नंबरवर माझी मैत्रीण. ती सोलापूरकडची, बौद्ध, घाटकोपरला टेकडीवर राहायची. मी मालवणकडची. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातलं सुकट ती संपवायची आणि तिची शेंगाचटणी मी. मशीनमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मोटरचा आवाज जरा बदलला की ती मान वर न करता म्हणायची, "तुझं बेअरिंग रडतंय बघ." फिटर येऊन उघडून बघायचा, तर खरंच बेअरिंग गेलेलं.

दर वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. दुपारी काम थांबायचं. ज्याचं मशीन त्याने पुसायचं, तेलपाणी करायचं, मग मोटरला कुंकू, झेंडूची माळ आणि एक नारळ. कंपनीकडून पेढे. मैत्रीण कुंकू लावत नसे, हात जोडत नसे, पण पूर्ण शेडमध्ये चकचकीत मशीन तिचंच असायचं. पेढा मात्र घ्यायची. "प्रसाद म्हणून नाही हां, पेढा म्हणून," असं दर वर्षी म्हणायची आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

मग मंदी आली. पेपरात ती आधीपासून होती म्हणे, आमच्याकडे ती गोडाऊनमधून आली. तयार चोकचे खोके छतापर्यंत गेले, माल उठेना. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग आठवड्यातले दोन दिवस घरी बसवलं, त्याला ले-ऑफ म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं. एका सकाळी पहिल्या पाळीला गेलो तर गेटला साखळी आणि साखळीशेजारी इंग्रजी कागद. लॉकआउट. एकीने तो कागद वाचून दाखवला, दुसरीने पुन्हा वाचायला लावला. आग्रा रोडवरून बसगाड्या नेहमीसारख्या चालल्या होत्या. त्या रस्त्यावर त्या वर्षात असे कागद इतक्या गेटांवर लागले होते की बसमधले लोक मान वळवूनही बघत नसत.

घरी ह्यांचं आधीच असं झालेलं. हे गिरणीत होते. संप झाला, संप संपला की नाही ते कोणी सांगितलंच नाही, आणि गिरणी काही ह्यांच्यासाठी उघडली नाही. तरी हे रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. कुणी बोलावलं तर? मी चिडायचे. "अहो, कोण बोलावतंय तुम्हाला? किती दिवस वाट बघणार? दुसरं काहीतरी बघा ना!" हे शांतपणे म्हणायचे, "उघडतली गो. मशिनां काय पळान जातत?" माझं डोकं फिरायचं. आशेवर जगणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं फार कठीण, असं मी बिनदिक्कत शेजारणींना सांगायचे. माझा पगार बंद झाला तर बिऱ्हाड उचलून गावी जायचं, एवढं एकच आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. मला गावी जायचं नव्हतं. सासूच्या हाताखाली चूल फुंकायला मी अकरा वर्षं वाइंडिंग केलं नव्हतं.

गेटसमोर आम्ही मांडव घातला. मांडव कसला, चार बांबू आणि वर ताडपत्री. तिथे पाळीपाळीने बसायचं. आमचे युनियनचे लीडर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मशीन आत आहेत तोवर कंपनी तुमची. मशीन हलली की संपलं." रस्त्यावरच्या एका कंपनीची मशीनं रातोरात हलवून दुसऱ्या राज्यात नेली होती, तिकडे सरकार टॅक्समध्ये सूट देत होतं म्हणे. म्हणून पहारा. बायका दिवसा, पुरुष रात्री. चार महिने आम्ही तो मांडव एक तासभरही मोकळा ठेवला नाही. निवडायच्या भाज्या, विणायचे स्वेटर, कोणाचं काय, सगळं तिथेच चालायचं.

दसऱ्याला आठवडा असताना मैत्रिणीने मला मांडवाबाहेर नेलं. साकीनाक्याला एका गाळ्यात पंख्यांच्या मोटरी भरून द्यायचं काम चालायचं. तिच्या भावाच्या ओळखीने तिथे वाइंडिंगला एक बाई हवी होती.

"जागा एकच आहे," ती म्हणाली. "मी तुझं नाव सांगितलंय."

"माझं? तुला नको?"

"माझ्या घरात भाऊ कमावतो. तुझ्या घरात कोण आहे, ते इस्त्रीवाले साहेब?"

मी हसले. पण हो म्हणवेना, कारण लीडरने दुसरंही सांगितलं होतं. ज्याने दुसरीकडे नाव लावलं त्याचा इथला हक्क गेला. अकरा वर्षं. आज ना उद्या कंपनी उघडली आणि मी साकीनाक्याच्या गाळ्यात बसलेली असले तर सात नंबर दुसरीला देणार.

"दसऱ्याच्या आधी सांग," ती म्हणाली. "मालक दसऱ्यानंतर थांबणार नाही."

आणि मग मी ती कल्पना काढली. माझीच होती, उगाच दुसऱ्याच्या डोक्यावर फोडत नाही. मांडवात बसल्या बसल्या मी म्हटलं, अख्खा पावसाळा मशीनं बंद शेडमध्ये पडलीत, तेलाचा थेंब नाही, गंजून जातील. निदान खंडेनवमीला तरी आत सोडायला सांगा. भांडण साहेबांशी आहे, मशीनशी थोडंच आहे? सगळ्याजणींना ते पटलं. लीडरने दोन तासांसाठी अर्ज लिहिला. चार महिन्यांत आमच्या एका अर्जाला उत्तर आलं नव्हतं, याला दुसऱ्या दिवशी आलं. या, म्हणाले. दोन तास नको, सकाळपासून या, नीट करा. आम्ही खूश. साहेबांचं मन वळलं, असं म्हणून एकीने तर त्यांना दुवा दिली. आता बोला!

नवमीला आम्ही नव्या साड्या नेसून गेलो. साखळी निघाली, गेट उघडलं, आणि भेंडोळ्यांना लावायच्या व्हार्निशचा तो वास नाकात गेला तेव्हा मला खरंच रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून मी आधी पदराने मशीनच पुसायला घेतलं. साहेब स्वतः शेडमध्ये उभे होते. एरवी आमच्याकडे बघायचे नाहीत, त्या दिवशी प्रत्येकीला नमस्कार. कोपऱ्यात जाड नव्या प्लॅस्टिकचे तुकडे कापून ठेवलेले. तेल घालून झालं की मशीन यात गुंडाळा, धूळ बसायला नको, असं म्हणाले. प्रत्येकीला एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. आपापल्या मशीनच्या खोडी असतील तर लिहून बांधून ठेवा, चालू करताना बरं पडेल.

चालू करताना! त्या दोन शब्दांनी माझ्या अंगात वारं शिरलं. मी बसून कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या. हजारावर तार डावीकडे जाते. दोन बोटं अशी ठेवावीत. थंडीच्या दिवसात पहिली दोन भेंडोळी हळू काढावीत. ब्रेक जरा उशिरा लागतो, काउंटर सांगतो त्याआधीच पेडलवरचा पाय उचलावा. शाळेच्या परीक्षेतही मी इतकं मन लावून लिहिलं नसेल. अक्षर चांगलं यावं म्हणून मी पेन बदलून घेतलं.

मैत्रिणीचं आठ नंबर पुसून झालं होतं. ती वाकून खाली काहीतरी बघत होती. मग माझ्या मशीनच्या खाली आली, मग सहाच्या.

"बोल्टला तेल कोणी घातलं?" ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. स्टँड जमिनीत धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर ओलं, काळं तेल. गंजाचा थर मऊ होऊन कडेला आला होता.

"घातलं असेल फिटरने. पूजा आहे ना."

"आपण फिरतं त्याला तेल घालतो. अकरा वर्षांत या बोल्टला कोणी तेल घातलेलं बघितलंस तू? बोल्टला तेल घालतात ते काढायचा असला तर." ती आणखी जवळ सरकली. "आणि ज्याला मशीन चालवायचंय तो ते गुंडाळायला कशाला सांगेल? ऐक माझं. साकीनाक्याला हो म्हण. आजच म्हण."

मला तिचा राग आला. तिला दिसत होतं ते मलाही दिसत होतं, म्हणून आला. चार महिने मी त्या ताडपत्रीखाली बसले होते, आत्ता कुठे आत उभी होते, मोटरवर माझ्या हाताने लावलेलं कुंकू ओलं होतं, आणि ही मला सांगत होती की सगळं संपलंय. आजूबाजूच्या बायकाही बघायला लागल्या. मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"आजच्या दिवशी तरी तोंड आवर. तुमच्या घरात पूजा नाही की अर्चा नाही, तुला काय कळणार शुभ काय नि अशुभ काय!"

'तुमच्या' म्हटलं मी. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

ती सरळ झाली. हात पुसले. एकदोघी कामात गुंतल्यासारखं दाखवायला लागल्या. पेढ्यांचा खोका फिरत आला तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. निघताना मी तिला गेटजवळ गाठून म्हटलं, "साकीनाक्याचं नाही सांग." माफीचं बोलायला गेले होते आणि तोंडातून हे निघालं. ती "बरं" म्हणाली आणि रस्ता ओलांडून बसस्टॉपवर गेली.

दसऱ्याच्या दिवशी मांडवात कोण बसणार यावर फार चर्चा झाली नाही. मशीनची पूजा झालीय, साहेब गोड बोललेत, सणाचा दिवस आहे. सकाळी तिघी बसल्या आणि बारा वाजता घरी गेल्या. रात्रीचे पुरुषही सणाची सुट्टी घेणार होते. दुपारची पाळी कोणाची हे मी विचारलंही नाही. मी श्रीखंड केलं होतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि मी त्या दिवशी त्यांना काही बोलले नाही. उलट म्हटलं, बघा, आमची उघडतेय, तुमचीही उघडेल. हे इतके आनंदले की दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेटवर गेले, सगळ्यांना सोनं द्यायला. बायका गेटाच्या आत उभ्या होत्या. गेट सताड उघडं. वॉचमन स्टुलावर बसून रडवेल्या तोंडाने तेच तेच सांगत होता. दुपारी एकला ट्रक आले, सहा ट्रक. माणसं बोल्ट खोलायचे पाने घेऊनच आली होती. बोल्ट पटापट निघाले. वर प्लॅस्टिक गुंडाळलेलंच होतं, नुसतं उचलायचं होतं. उजेड होता तोवर सगळं आटपलं. तो कोणाला कळवणार होता? मांडवात चिटपाखरू नव्हतं.

शेड इतकी मोठी होती हे मला त्या दिवशी कळलं. सात नंबरच्या जागी जमिनीत चार भोकं होती आणि शेजारी आमच्या झेंडूच्या माळा. मशीन उचलताना त्यांनी त्या काढून नीट बाजूला ठेवल्या होत्या. एक बाई एकदम हसायला लागली. "धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पाठवली गं आपण," म्हणाली, "सासरी!" आणि हसता हसता खालीच बसली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. कार्ड आठवलं. शहाणी बाई, दोन्ही बाजू भरल्या होत्यास ना! चार महिने पोटाला चिमटा घेऊन ज्याच्यावर पहारा केला ते मी पेन बदलून, चांगल्या अक्षरात देऊन टाकलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मशीनं वापीच्या पलीकडे नव्या शेडमध्ये लागली. केस झाली, तारखा पडल्या, आमच्यातल्या दोघीतिघी तारखा पडता पडता वारल्या. आमच्या एका फोरमनने तिकडे नोकरी धरली. दोन वर्षांनी तो मुलुंडच्या बाजारात भेटला तेव्हा अगदी कौतुकाने म्हणाला, तुमचं कार्ड तिकडे गुजरातीत करून मशीनवर लावलंय, मुली बघून बघून शिकल्या, तार अजिबात तुटत नाही. मी म्हटलं, बरं झालं. भाजी घेतली आणि घरी आले. तोवर मी मुलुंडला चार घरी स्वयंपाक करत होते. गावी गेलो नाही एवढंच. हे सुरुवातीला मला पोचवायला यायचे, मग एका बिल्डिंगमध्ये लिफ्टवर लागले.

पण त्या सकाळी, गेटवरून मी घरी गेले नाही. मी घाटकोपरला गेले. जागा अजून असेल असं मनात होतं, खोटं कशाला बोलू? माफी मागायची होती आणि जागाही हवी होती. टेकडी चढून तिच्या दारात पोचले तर तिची आई म्हणाली, ती कामाला गेली. साकीनाक्याला. आजपासून.

मी म्हटलं, थांबते. आईने मला चटई दिली. भिंतीवर फोटोला आदल्या दिवशीचा ताजा हार होता. त्यांचाही तो मोठा दिवस, विहारात कार्यक्रम असतो, मला अकरा वर्षं ठाऊक होतं. संध्याकाळी ती आली. हाताला व्हार्निशचा वास होता. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"गेली ना?" तिने विचारलं.

"गेली."

तिने चहा टाकला. कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसली. मी म्हटलं, "मी बोलले ते चुकलं गं."

"मला फार लागलं ते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "शेडमधल्या बाकीच्या बोलल्या असत्या तर हसले असते मी. तू बोललीस."

मी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "काल दुपारची पाळी माझी होती. मीच लीडरकडून मागून घेतली होती, सगळ्यांचा सण आहे म्हणून. विहारातून थेट येणार होते. निघालेही होते. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या आणि घरी आले."

"माझ्यामुळे?"

"हो."

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. सहा ट्रक होते, पाने घेतलेली माणसं होती, तू एकटी काय करणार होतीस, असं काहीतरी. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"एकटीने काय ट्रक अडवले असते मी?" ती म्हणाली. "नसते अडले. पण आडवी झाले असते."